शेटेसर आणि पंपाची गाडी

प्रा. तवनाप्पा शेटे यांची आणि माझी पहिली गाठ ताकामुळे पडली. सांगलीला यंत्रविद्येच्या वर्गात नाव घालून मला जेमतेम आठवडा झाला होता, आणि पाण्याचा दाब, पाण्याचा वेग, पाण्यावर चालणारी यंत्रे या विषयाचा धसका आम्ही सगळ्यांनी आधीच घेतला होता. सर वर्गात आले ते काखेत ताकाची बाटली आणि हातात पपईचा पोकळ देठ घेऊन. देठ बाटलीत घालून मला उठवून म्हणाले, "प्या." मी प्यायलो. "ताक वर कोणी ओढलं?" मी छाती काढून म्हटले, "मी!" सरांनी बाटली पुन्हा काठोकाठ भरली, बुचाच्या भोकातून देठ आत घातला, भोवती मेण लिंपले आणि म्हणाले, "आता ओढा बघू." गाल आत गेले, डोळे बाहेर आले, ताक काही येईना. वर्ग हसून लोटपोट. "अहो, ओढणारे तुम्ही नव्हेच," सर म्हणाले, "बाहेरची हवा ताकाला दाबून वर ढकलत होती. तिला मी दार लावलं." मग बूच काढून उरलेले ताक त्यांनी मलाच पाजले. इतका चविष्ट धडा मला त्यापूर्वी कोणी दिला नव्हता.

सरांचा जन्म सांगलीजवळच्या जैन शेतकरी घराण्यातला. पाणी गाळल्याशिवाय ते पीत नाहीत आणि दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. पण हे नियम त्यांनी स्वतःपुरते ठेवले. दुसऱ्याच्या ताटात ते कधी डोकावले नाहीत. राग आला की मात्र कानडीत बोलतात. त्यामुळे सर रागावले आहेत एवढे आम्हांला कळायचे, काय म्हणाले ते कधीच कळले नाही. हाही त्यांचा एक उपकारच समजायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे त्या दिवसांत विलायतेहून उपकरणे येत नव्हती. पाण्याच्या फवाऱ्यावर फिरणारे चाक फळ्यावर काढून भागणार नाही, असे सरांच्या मनाने घेतले आणि एके दिवशी प्रयोगशाळेत खरेखुरे चाक गरगरू लागले. त्याच्या कडेला वाट्या म्हणून पितळी पळ्या बसवलेल्या होत्या. दुपारी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वतः प्रयोगशाळेच्या दारात उभ्या! "घरात वरण वाढायला एक पळी ठेवली नाही यांनी," त्या आम्हांला म्हणाल्या, "तुमी तरी पास व्हा रे बाबांनो." त्या वर्षी आम्ही सगळे पास झालो. नापास होऊन काकूंना तोंड दाखवायची कोणाची छाती होती?

पण सर खरे कोण आहेत हे मला कळले ते वर्गाबाहेर, उंब्रजच्या अलीकडे कृष्णाकाठी असलेल्या माझ्या गावात. माझे चुलते सुभेदार. लढाईहून परतल्यावर त्यांनी सगळ्या भावकीला पटवले, की मोटा सोडा, नदीवर इंजिन-पंप बसवू आणि ऊस लावू. पंप आला. पुराची धास्ती म्हणून तो उंच दरडीवर बसवला. दिवाळीनंतर नदी भरलेली होती तोवर पंपाने झकास पाणी दिले, आणि चुलत्यांच्या मिशा वर गेल्या. चैत्रात नदी खाली गेली आणि पंप रुसला. कऱ्हाडचा मिस्त्री इंजिन खोलून गेला, कृष्णामाईला नारळ झाला, इंजिन आणखी जोरात पळवून पाहिले, पाणी येईना. ऊस वाळू लागला. भावकी तोंडावर काही बोलत नव्हती, पण चुलते पारावर जायचे बंद झाले. "माज्या शब्दावर समद्यांनी मोटा मोडल्या," ते मला म्हणाले, "ऊस जळला तर ह्या गावात मी ऱ्हात न्हाई." त्यांच्या डोळ्यांत मी पाणी कधी पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले.

मी सांगलीला जाऊन सरांना हे सांगितले. सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्याबरोबर आमच्या दरडीवर हजर.

इंजिन सुरू केले. पंपातून फुटाणे भाजल्यासारखा तडतड आवाज येत होता. सरांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "ऐकलंत? थंड पाणी आत उकळतंय! हवेचा दाब संपला, की पाण्याची वाफ होते." चुलत्यांना त्या उकळण्यात काडीचा आनंद नव्हता. सर मग त्यांच्याजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, "सुभेदार, तुमच्या इंजिनात काही खोट नाही. पंप पाणी वर कितीही ढकलेल, पण खालून त्याच्यापर्यंत पाणी हवाच आणते, आणि पंचवीस फुटांपुढं तिची ताकद सरते. पंप नदीजवळ न्यायला पाहिजे."

"न्हाई जमायचं," चुलते उसळले. "खाली ठिवला तर पयल्या पुरात तुमच्याच सांगलीच्या घाटाला येऊन लागंल!"

मला वाटले, आता सर कानडीत जाणार. पण ते म्हणाले, "तेही खरंच आहे." आणि नदीकडे पाहत सहज विचारल्यासारखे म्हणाले, "सुभेदार, पलटणीत तोफ पुढं-मागं कशी नेत होता?"

"चाकावर," चुलते म्हणाले. आणि एकदम उठून ओरडले, "आरं गड्यांनो, बैलगाडी आणा! पंप गाडीवर चढवा! नदी खाली गेली की गाडी खाली, पूर आला की बैलं जुपून वर!"

सरांनी जागेवरून उठून त्यांना हात जोडले. पुढे गावभर चुलते सांगत राहिले, की गाडीची युक्ती आपली. सरांना कोणी विचारले तर ते गंभीरपणे सांगत, "होय, सुभेदारांचीच."

माणसांनी दरड खोदून उतार केला, गाडीचा वरचा फळ्यांचा साटा काढून तुळयांवर इंजिन आणि पंप बांधले, दोरांनी गाडी खाली सोडली. पाणी आले, आणि लगेच तुटले. नळात कुठूनतरी हवा शिरत होती. सरांनी पूजेची उदबत्ती मागवली आणि इंजिन चालू ठेवून ती नळाच्या प्रत्येक जोडाजवळ धरत गेले. एका जोडापाशी धूर सरळ वर जायचा सोडून आत ओढला गेला. "हा चोर!" सर ओरडले. जोड खोलून, ताग आणि सफेदा भरून पुन्हा आवळायला बराच वेळ लागणार होता, आणि सूर्य डोंगराला टेकला होता. चुलती दरडीवर ताट घेऊन उभी. पाणीही तिने कोऱ्या धडप्यातून गाळून आणले होते. "आवं सर, दिस बुडतोय. दोन घास खावा, मग बगा."

"ऊस सकाळपासून उपाशी आहे, आई. आधी त्याचं होऊ द्या," सर म्हणाले आणि पाना हातात घेतला.

पाटात पाणी पडले तेव्हा दिवेलागण झाली होती. भावकीने आरोळ्या ठोकल्या, चुलत्यांनी कपड्यांनिशी पाटात बसकण मारली, आणि सर बाजूला उभे राहून उपाशीपोटी टाळ्या वाजवत होते. मग ताट परत गेले. चुलतीने पदर डोळ्यांना लावला. त्या संध्याकाळी आमच्या आळीत कोणाच्याच घशाखाली घास उतरला नाही.

ऊस वाचला. चुलते पुन्हा पारावर बसू लागले. आणि आमच्या भावकीत एक नवाच सण सुरू झाला. दिवाळीनंतर नदी ओसरली, की पंपाची गाडी खाली सोडायचा दिवस ठरतो. त्या दिवशी सगळी आळी दिवस मावळायच्या आत जेवते, गाळलेल्या पाण्यावर स्वयंपाक करते, आणि पहिले ताट सरांचे असते. सर दर वर्षी येतात.

आज मी सरांच्याच प्रयोगशाळेत शिकवतो. सर साठ वर्षांचे झाले, त्यांच्या गौरवाचा ग्रंथ निघतो आहे, हे मी गावी गेलो तेव्हा चुलत्यांना सांगितले आणि विचारले, तुमच्या वतीने काय लिहू? त्यांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "लिव्ह की, बैलं म्हातारी हुतील, गाडी मोडंल, मीबी जाईन. नवी बैलं घेऊ, गाडी नवी बांदू. पर जेवायला सर त्येच पायजेत."

सर, आम्हां सर्व शिष्यांचे मागणे याहून वेगळे नाही. प्रकृती सांभाळा. यंदाही ताट उजेडातच वाढले जाईल.