तेराव्याचा राहिलेला विडा

अकोला स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. माझ्या पिशवीत कात, चुना, सुपारी, लवंगा, वेलदोडे असा विड्याचा सगळा सरंजाम होता, पान तेवढे नव्हते. मी निघालो होतो अंजनगाव सुर्जीला. तिथे पुण्याहून पान नेणे म्हणजे नागपूरला संत्री नेण्यासारखेच.

हा सरंजाम कशासाठी, ते आधी सांगायला हवे. माझी धाकटी बहीण सुलू अंजनगावला एका पानमळेवाल्यांच्या घरी दिली होती. आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यांची बदली अकोटला झाली आणि तिथे असतानाच हे स्थळ आले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुलू अमरावतीच्या दवाखान्यात वारली. भाऊजींच्या घरची रीत अशी की तेराव्या दिवशी गोड जेवण झाले की गेलेल्या बाईच्या भावाने आपल्या हाताने नवऱ्याला विडा द्यायचा. तो खाल्ला की दुखवटा सुटला. तोवर त्याने पान तोंडात घालायचे नाही.

मी गेलो नाही. रस्ते बंद होते, पास लागत होता, हे खरे. पास मिळत होता, हेही खरे. मी घाबरलो होतो. पुढे रस्ते उघडले, तर तोंड दाखवायची लाज वाटू लागली. असे करता करता चार वर्षे उलटली. गेल्या महिन्यात भाचीचा, प्रियाचा, फोन आला. "मामा, बाबानं अजून पान तोंडात नाई घातलं. तुमी आले नाई तं हे असंच राहीन." मी त्याच दिवशी तिकीट काढले.

काढले खरे, पण अकोल्यात उतरल्यावर पाय पुढे पडेना. म्हणून रिक्षा करून मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात गेलो. नदीत पाणी कमी आणि जलपर्णी फार. भाऊजींचे पान जिथे उतरते ते दुकान एका बोळात आहे. मालक साठीच्या पुढचे. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हटले. भाऊजींचे नाव सांगताच त्यांनी कढी-कचोरी मागवली. मी नको नको म्हणत दोन खाल्ल्या.

"लॉकडाऊनात काय झालं दुकानाचं?" मी विचारले.

"काय होईन? टपऱ्या बंद, तं पान कोन खाईन? आठ दिसात सडते ते. याच गादीवर बसून मी कांदे इकले, मास्क इकले. टपऱ्या उघडल्या तवा पाहतो तं लोकायले घरी बसून खर्र्याची आदत लागलेली." खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेले मिश्रण. त्याला पान लागत नाही. "अर्ध्या लोकायनं पानमये मोडले. तुमचे भाटवे (बहिणीचे यजमान) तेवढे टिकून हायेत. पन एक गोष्ट हाय. पह्यले ते सोता पान चाखून सांगत, चाचा, हे तिखट हाय, हे गोड हाय. आता टोपलं ठेवतात अन् म्हनतात, तुमीच पाहा."

मी चहाचा पेला खाली ठेवला. कारण मला ठाऊक होते, पण चाचांना सांगायची हिंमत झाली नाही.

अकोटच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि सवयीने मी मास्क चढवला. शेजारी रिकामी टोपली मांडीवर घेऊन एक माळीणबाई बसल्या होत्या. भाजी विकून परतत होत्या. त्यांनी मला दोन थांबे नीट न्याहाळले.

"कोरोना तं गेला ना भाऊ. तुमी काहून तोंड झाकून बसले?"

"धुळीसाठी," मी म्हणालो.

"धूय तं आमालेबी लागते," म्हणून त्या हसल्या. मग आपण होऊनच सांगू लागल्या. आठवडी बाजार बंद पडल्यावर त्या डोक्यावर टोपले घेऊन दारोदार फिरल्या होत्या. "लोक भाजी मिठाच्या पान्यात बुडवून घ्याचे. मले प्याले पानी मांगतलं तं फाटक लावून घ्याचे. आता तेच लोक मावशी मावशी करतात."

"राग नाही येत?"

"येते ना. पन भाजी कोनाले इकू मंग?"

मी मास्क काढून खिशात ठेवला. अकोट जवळ आले तसे रस्त्याकडेच्या झुडपांवर कापसाचे पुंजके दिसू लागले. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून ते उडतात. याच गावात सुलू आणि मी दुसऱ्यांच्या लग्नांत चोरून विडे खायचो आणि सनईवाल्यांच्या मागे उभे राहून जिभा काढून बघायचो, कोणाची जास्त लाल. बहुतेक वेळा तिचीच असे. माझी तेवढी रंगत नसे आणि मी चिडत असे. गाडी बदलायला तिथे अर्धा तास होता. आमचे जुने घर पाहायला मी गेलो नाही, स्टँडवरच बसून राहिलो.

अंजनगावला भाऊजी मोटरसायकल घेऊन उभे होते. केस पार पांढरे झालेले. एसटीत मी एक हजार वाक्ये मनात जुळवली होती, पण ते एवढेच म्हणाले, "थकले असान. बसा."

प्रियाने पुरणपोळी केली होती आणि सोबत पातोडीची भाजी, बेसनाच्या वड्यांची, झणझणीत. ती सुलूने तिला शिकवलेली. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आले. सगळे तिखटामुळे नव्हते. भाऊजींनी तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.

जेवण झाल्यावर आम्ही मळ्यावर गेलो. पूर्वी चार तुकड्यांत पान होते, आता एकच उरला आहे. बाकीच्यांत संत्री. उरलेल्या मळ्याभोवती ताट्यांचे कुंपण आहे. मी आत शिरणार तोच मागून भाऊजींचा आवाज आला, "भाऊ, जोडे."

पानमळ्यात पायताण चालत नाही, हे मी विसरलो होतो. बूट काढले आणि तिसऱ्या पावलाला काटा भरला. भाऊजींनी माझा पाय गुडघ्यावर घेऊन तो काढला. बहिणीच्या नवऱ्याकडून पाय धरून घेणे मला फार अवघड झाले. आत मात्र दुपार असून गारवा होता. उंच शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले, मधून ओल्या मातीच्या अरुंद वाटा, आणि सगळीकडे हिरवा अंधुक उजेड.

"पान तोडलं नाई तं वेल खराब होते," भाऊजी एक वेल बांधता बांधता बोलू लागले. "त्या टायमाले मजूर येत नव्हते. सुलूच तोडत होती अन् बकऱ्यायपुढं टाकत होती. इकाले कोनी नाई, तरी रोज तोडत होती. ताप आला तवाबी दोन दिवस सांगतलं नाई तिनं मले."

माझ्याच्याने राहवले नाही. "भाऊजी, मी यायला हवं होतं."

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. "हो," ते म्हणाले. "याले पाह्यजे होतं. मी तं तेराव्याले सांजलोक रस्त्याकडं पाहत होतो."

'जाऊ द्या' असे ते म्हणतील, अशी आशा मी पुण्यापासून बाळगून होतो. ते म्हणाले नाहीत. आणि खरे सांगतो, त्यामुळे मला बरे वाटले.

"तोडा पान," ते म्हणाले.

मी तोडले. ते कोवळे निघाले. दुसरे जून होते. तिसऱ्याचा देठ माझ्या हातून तुटला. "पुन्याचे लोक," एवढेच बोलून त्यांनी मला टोकाच्या ओळीपाशी नेले. ती ओळ सुलूने लावली होती. दरवर्षी वेल खाली उतरवून मातीत पुरायचा आणि तो पुन्हा चढतो, म्हणजे वेल अजून तिचाच. तिथले पान नीट निघाले.

कुंपणाबाहेर बांधावर बसून मी विडा लावला. चुना जरा जास्त पडला. घडी घालून लवंग टोचली आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. भाऊजींनी तो घेतला आणि बराच वेळ नुसता हातात ठेवला. मग दातांनी अर्धा तोडला आणि उरलेला माझ्यापुढे केला.

मी क्षणभर थबकलो. दाराची कडी कोपराने उघडण्यात आणि घरात आलेली प्रत्येक वस्तू धुण्यात मी काही वर्षे काढली आहेत.

"खा," ते म्हणाले. "तुमची तं बहीन होती. तुमाले कोनं देला विडा?"

कोणीच दिला नव्हता. मी तो अर्धा विडा खाल्ला आणि बांधावर बसून मोठ्याने रडलो. भाऊजी चघळत माझ्याकडे न बघता बसून राहिले. मग म्हणाले, "पान गोड हाय. चुना जास्त झाला."

प्रियाने केळीच्या पानात गुंडाळून दिलेली पाने घेऊन मी अमरावतीमार्गे बडनेऱ्याला आलो. अमरावतीत एसटी शहरातून जाताना भिंतीवर कोणत्या दवाखान्याचे नाव लिहिले आहे, ते मी वाचले नाही. निघताना भाऊजींनी विचारले होते, "आता कवा येता?" आणि मी पहिल्यांदाच महिना ठरवून सांगितला. वेल उतरवायच्या वेळी.

पुण्याच्या संध्याकाळच्या गाडीत जागा मिळाली. आपण सगळे त्या दिवसांतून उठून कामाला लागलो, बाजार उघडले, लग्ने दणक्यात होऊ लागली. त्या वेळी राहून गेलेल्या गोष्टी मात्र घरोघरी तशाच पडून असतील, असे वाटत राहिले. बेसिनपाशी तोंड धुवायला गेलो. इकडे तिकडे पाहून आरशासमोर हळूच जीभ बाहेर काढली.

लाल होती, कधी नव्हे एवढी. मागे टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस खाकरला, तरी मी ती बराच वेळ तशीच काढून धरली.