म्हात्रे मॅडमची जपानहून आलेली नात

नारपोलीतल्या आमच्या शाळेत दोन गोष्टी आपोआप साचतात. एक शेजारच्या पॉवरलूममधून उडत येणारे कापसाचे तंतू, दुसरे किस्से. दुपारच्या उन्हात तंतू तरंगत असतात, स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलत असतं आणि आम्ही बाकीचे शिक्षक पेंगत ऐकतो.

यंदाचे सगळे किस्से मिहीचे. ही आमच्या शाळेतल्या म्हात्रे मॅडमची नात, जपानमध्ये वाढलेली. एप्रिलपासून तिथे तिची पहिली सुरू होणार होती. तिथे पहिलीतली मुलं आईबाबांशिवाय, चालत शाळेत जातात. मिहीला त्याचीच भीती. त्याआधी ती आजीकडे राहायला आली आणि आमच्या वर्गात पाहुणी म्हणून बसू लागली.

"नाही जमलं तर इथंच ठेवून घेईन," मॅडम म्हणायच्या. तिला जमू नये असंच त्यांना वाटत होतं, हे आम्हाला दिसत होतं.

*

पहिल्या दिवशी ती चपला काढून वर्गाच्या दारात उभी राहिली. तिकडच्यासारखे वर्गात घालायचे वेगळे बूट कुठे आहेत, असं विचारत होती. शेवटी मॅडमनी स्वतःच्या सपाता दिल्या. त्या होडीएवढ्या सपातांत पोर आठवडाभर फटफट करत फिरली.

*

तिथे वर्ग मुलंच झाडतात. त्यामुळे शाळा सुटली की ही झाडू शोधायची. हिचं बघून सगळा वर्ग झाडायला लागला. एक लूमवाला बाप तणतणत आला. "पढ़ने भेजा है, झाडू मारने नहीं!"

मिहीने त्याच्या हातात सुपली दिली. तो ती धरून उभा राहिला आणि त्याच्याच मुलाने तीत कचरा भरला.

*

सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिकडे कुणी खात नाही. एकदा आमचं खिचडीचं पातेलं उशिरा आलं. तिच्यासोबत सगळी मुलं हात जोडून बसली आणि निम्मी तशीच झोपली. हेडसरांना वाटलं ध्यानाचा तास चाललाय. त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

*

जायच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, एकटी रस्ता ओलांडते का, एकदा बघूच या. धामणकर नाक्यावर त्या अलीकडे थांबल्या, मी पलीकडे. मिही आजीचा पदर धरून उभी होती.

रस्ता ओलांडताना हात वर करायचा, हे तिकडे बालवाडीतच शिकवतात. तिने हात वर केला.

आणि नाक्यावरच्या सगळ्या शेअर रिक्षा तिच्यासाठी थांबल्या! त्यांच्यामागे टेम्पो, त्यांच्यामागे ट्रक. मिही रस्त्यात आली, एकेका रिक्षासमोर कमरेत वाकून आभार मानत माझ्याकडे चालत आली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

पुढच्या रिक्षावाल्याने मॅडमना विचारलं, "बच्ची अकेली है क्या?"

मॅडमनी पदराने डोळे पुसले.

"हाँ," त्या म्हणाल्या, "अकेली जाती है."