चूडा-मटरवरचे शेंगदाणे

माझी सकाळची यादी ठरलेली असते: दूध, फुलं, भाजी. त्या हिवाळ्यात, उत्तरेतल्या आमच्या शहरात, दूधविनायकाच्या कोपऱ्यावर चूडा-मटरच्या ठेल्यापाशी तो रोज दिसायचा. तेवीस-चोवीस वर्षांचा, गळ्यात रेल्वेचं ओळखपत्र. तुपात परतलेल्या मटार-पोह्यांचा दोना, म्हणजे पानांचा द्रोण, हातात आला की तो खिशातली पुडी काढून वर भाजलेले शेंगदाणे टाकायचा. मराठी असणार, हे मी त्यावरूनच ओळखलं.

"का भइया, हमरे चूड़ा में का कमी हौ?" ठेलेवाला चिडवायचा. तो नुसता हसायचा.

एकदा त्याच्या हातात बदलीचा छापील अर्ज दिसला.

"गावाकडे निघालास?" मी विचारलं.

"अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस आहे, काकू. फक्त सही राहिलीय. मागे घरी गेलो, तर आईच्या पोह्यांत मटार आणि तूप मागितलं. ती म्हणाली, तू तिकडचाच झालास. इथे हा ठेलेवाला मला बाहेरचा म्हणतो."

"मग तुला काय आवडतं?"

त्याने दोन्याकडे पाहिलं. "हे. शेंगदाणे घातलेलं."

दुसऱ्या दिवशी तो ठेल्यापाशी होताच. शेंगदाण्यांची पुडी मात्र नव्या कागदाची होती. तो बदलीचा अर्ज होता, आणि सहीची जागा कोरी होती.