जमिनीपासून चार बोटं

आयुष्यात मी शहाणपणाने घेतलेली वस्तू एकच, आमची पांढरी व्हॅन. तीही बायकोने निवडली होती. सात वर्षं ती व्हॅन सिल्वासा ते साक्रीकडचं बायकोचं माहेर अशी न कुरकुरता पळाली. जाताना रिकामी जायची आणि येताना कळण्याचं पीठ, ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या, वांगी, लसूण आणि एकदा तर जिवंत कोंबडा घेऊन यायची. ती व्हॅन मी बदल्यात दिली आणि स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, पिवळी, दोन दारांची. इंजिन पाठीमागे. डिकी पुढे, तीत एक बॅग मावते. दुसरी ठेवायची तर आधी पहिली काढायची.

मी इथल्या एका सूत कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. मशिनला जरा वेगळा आवाज आला की मला झोपेतूनही कळतं, अशी कारखान्यात माझी ख्याती आहे. ही गाडी पाहताना मात्र मी फक्त रंग पाहिला. शिवाय नंबरप्लेट. प्लेट डीएन झिरो नाइन, म्हणजे आमच्याच गावची. आमच्याकडे रोड टॅक्स कमी, त्यामुळे बाहेरच्या हौशी लोकांच्या भारी गाड्या कागदावर आमच्या गावच्या असतात. ही गाडीही तशीच. नोंदणीचा पत्ता डोकमर्डीचा, आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून. पण सगळं आयुष्य काढलं मुंबईत. आपलं गाव तिने पाहिलंच नव्हतं.

"माहेरवाशीण आहे बिचारी," मी घरी गाडी आणल्यावर बायकोला म्हणालो. "बारा वर्षांनी माहेरी आली."

बायको खाली वाकून आत बघत होती. "सीटा दोनच?"

"माणसं किती आहेत? मुलगा हॉस्टेलला. तू आणि मी."

"आणि बिबड्या?"

मी पुढची डिकी उघडून दाखवली आणि लगेच लावून टाकली.

गाडीत शिरायचं तंत्र असं की आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, विहिरीच्या काठावर बसल्यासारखं. उतरायचं तंत्र नाही. उतरताना माणूस जे काही करतो ते शेजाऱ्यांनी पाहू नये एवढंच. पण शेजारी पाहायचेच. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका, निवृत्त हेडक्लार्क, रोज सकाळी खुर्ची टाकून माझं उतरणं बघायला बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "भाई, आ गाडी छे के चंपल?"

काकांचं चुकलं नव्हतं. गाडी चपलेइतकीच उंच होती. आमच्या गावात गतिरोधक घालताना उंचीचा विचार कुणी करत नाही. ट्रक मोजून घालतात. कारखान्याच्या गेटजवळचा गतिरोधक मी तिरका चढायचो, एकेक चाक करत, आणि मागचे सगळे टेंपो थांबून सल्ले द्यायचे. तीनशेच्या वेगाची गाडी ताशी दोनच्या वेगाने ओलांडताना जे सुख मिळतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मागच्या टेंपोवाल्यांनी सांगितलेलं आहे, पण ते छापता येणार नाही.

हे सगळं चाललं होतं आखाजीच्या आधी महिनाभर. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. लग्न झालेल्या लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात, सांजोऱ्या खातात. लेकीला न्यायला माहेरून भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझ्या बायकोला भाऊ नाही, बहीण नाही. वडील गेल्यापासून माहेर म्हणजे एकटी आई. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला मी सासूबाईंना म्हणालो होतो, "तुमचा मुराळी मीच." तेव्हापासून दर आखाजीला मीच माझ्या बायकोचा मुराळी. दोन दिवस आधी निघायचो, तिला पोचवायचो, दोन पुरणपोळ्या जास्त खायचो आणि ड्यूटीवर परत यायचो. एकही वर्ष चुकवलं नव्हतं. बायको वर्षभर कशाचीच वाट बघत नसे, या एका फेरीची बघे.

त्या वर्षी सासूबाईंनी फोनवर विचारलं, "जवाईबापू, नवी गाडी लई ठेंगनी शे म्हने?"

"ठेंगणी म्हणजे काय, जमिनीपासून चार बोटं," मी अभिमानाने सांगितलं. "तुमच्या अंगणात नाही चढणार हो. ती गटारावरची फरशी आहे ना, तिच्यावरच अडकेल. रस्त्यात उभी करावी लागेल."

"चार बोटं?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मला वाटलं, प्रभावित झाल्या.

निघायच्या आधीच्या रविवारी मी गाडी सुरंगीकडच्या रस्त्याला नेली. कारण काही नाही. मोकळा रस्ता, दोन्हीकडे शेतं, पुढे साग. गाडीने आवाज केला की बैलसुद्धा वळून बघत होते, आणि बैलांसमोर शायनिंग मारायची वेळ आलेला माणूस काय प्रतीचा असतो हे तुम्हीच ठरवा. एका शाळेपुढचा गतिरोधक मला दिसला नाही. खालून असा आवाज आला की पातेलं दगडावर घासावं. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली काळा डाग.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"एसीचं पाणी."

"काळं?"

"भारी गाडी आहे ती."

दुसऱ्या दिवशी गुपचूप वापीच्या मेकॅनिककडे गेलो. तो गाडीखाली झोपून बाहेर आला आणि म्हणाला, "साहब, ऑइल का चेंबर फटा है। लंबा मत जाना।"

"नया लगा दो."

"बाहर से मंगाना पड़ेगा।"

"वापी के बाहर से?"

"देश के बाहर से।"

त्याने तात्पुरतं काहीतरी लावून चीर बुजवली आणि पुन्हा बजावलं, लांब नेऊ नका. इथे एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? घरी येऊन सांगितलं असतं, की गाडी बिघडली, आपण एसटीने जाऊ. मी घरी येऊन सांगितलं, की गाडी एकदम फिट आहे, चार तासांत पोचवतो. बॅगेच्या शेजारच्या फटीत ऑइलचे दोन डबे कोंबले आणि त्यांना जागा व्हावी म्हणून, सासूबाईंसाठी घेतलेल्या लुगड्याची पिशवी निघताना बायकोच्या मांडीवर दिली.

पहाटे निघालो. काकांनी खुर्चीतून हात केला. बायकोने हिरवी साडी नेसली होती, बांगड्या भरल्या होत्या. सुरत मागे पडेपर्यंत ती वाऱ्यासारखी बोलत होती: झोका यंदा लिंबालाच बांधायचा, आईला डोळे दाखवायला न्यायचं, चार दिवस जास्त राहायचं. सोनगड ओलांडलं आणि समोर एक लाल दिवा लागला.

"तो कसला दिवा?"

"सीटबेल्टचा."

"लावलाय की मी."

"नीट लागला नसेल."

तिने बेल्ट काढून पुन्हा लावला. दिवा तसाच. मशिनचा आवाज झोपेत ओळखणारा मी, पाठीमागे इंजिन ठकठकत होतं आणि मी रेडिओ मोठा करत होतो. नवापूर यायचं होतं, तेवढं गाठू, तिथे ऑइल ओतू. नवापूर आलं नाही. मोठा आवाज झाला, आणि मग काहीच आवाज झाला नाही.

रस्त्याच्या कडेला पिवळी गाडी आणि हिरवी साडी अशी जोडी उभी राहिल्यावर येणारा जाणारा थांबणारच. एक धुळ्याची एसटी थांबली. सगळी बस एका बाजूच्या खिडक्यांना लागली. कंडक्टर खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, टपावर टाकू का उचलून?" बस हसली. मीही हसलो. मग तो बायकोला म्हणाला, "ताई, आखाजीले चालन्यात का? साक्रीला थांबते गाडी. चला, जागा आहे."

बायकोने पिशवी घेतली. बसच्या पायरीवर एक पाय ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मी जाते पुढे. तुम्ही गाडीचं बघून या."

मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतं. "अगं, मुराळ्याशिवाय एकटी जाणार? सणाला? गावात काय म्हणतील? दोन दिवसांत गाडी उभी करतो. आपण दोघं रुबाबात जाऊ."

गाव काही म्हणणार नव्हतं. मला त्या गल्लीत पिवळ्या गाडीतून उतरायचं होतं, एवढंच. ती माझ्याकडे बघत होती, कंडक्टर घड्याळाकडे. मग तिने पाय खाली घेतला.

तो पाय मला अजून दिसतो. चपलेचा पट्टा, त्यावर चिकटलेली रस्त्याची धूळ, आणि पायरीवरून खाली येणं. बस निघून गेली.

दुपारी गाडी वाहणारा ट्रक आला. त्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, मी आणि मधे लुगड्याची पिशवी धरून ती. ट्रक वापीकडे निघाला. मागे बांधलेल्या गाडीचं तोंड उलटं, साक्रीच्या दिशेला होतं. मी, बायको आणि गाडी, आमच्या तिघांत योग्य बाजूला तोंड असलेली तीच.

दोन दिवसांत गाडी उभी राहिली नाही. आखाजीला बायकोने घरीच सांजोऱ्या केल्या, आमरस केला, फोन लावला. सासूबाईंचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, वाईट वाटलेल्या माणसाचा असतो तसा. "काही हरकत नई माय. गाडी नीट करा आन मंग या. सावकाश या."

"पुढच्या रविवारी," मी मागून ओरडलो.

पुढच्या रविवारी पार्ट आला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो दुसऱ्याच मॉडेलचा होता. "मी एसटीने जाऊन येते," बायको दोनदा म्हणाली. मी दोनदा म्हणालो, "आता इतकी थांबलीस, आठवडाभराचा प्रश्न आहे." तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. लुगड्याची पिशवी दाराच्या खुंटीला तशीच टांगलेली.

पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, मी ड्यूटीवर असताना तिचा फोन आला. तिच्या माहेरच्या शेजारणीने तिला कळवलं होतं. आई सकाळी उठलीच नाही.

काकांनी एक शब्द न बोलता स्वतःची जुनी गाडी काढली. स्वतःच चालवत आम्हाला नेलं. त्या गाडीला नवापूर लागलं, साक्री लागली, सगळं लागलं. काहीच लागायला अवघड नव्हतं. मागच्या सीटवर बायको खुंटीवरची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

गल्लीत वळलो आणि काकांनी ब्रेक दाबला. सासूबाईंच्या घरापुढे गटारावरची ती उंच फरशी नव्हती. तिथे काँक्रीटचा उतार होता. लांब, सावकाश चढत जाणारा, रस्त्यापासून थेट अंगणापर्यंत, दोन चाकं आरामात मावतील एवढा रुंद. कडेला ओल्या सिमेंटवरून कुत्रं चालून गेल्याच्या खुणा.

दुपारी सगळं आटोपल्यावर शेजारीण बायकोजवळ येऊन बसली. ती बायकोशी बोलत होती, मी दाराशी होतो.

"आमच्याकडे गवंडी होता ना, त्याच्याकडून हा उतार करून घेतला तुझ्या आईने. आखाजीच्या आधी. गवंडी म्हणे, आजी, एवढा लांब कशाला, वाया जाईल माल. तर ती जमिनीवर हात ठेवून त्याला चार बोटं दाखवायची. म्हणे, जवाईनी गाडी इतलीच वर शे, खाले घासाले नको. तुम्ही आला नाहीत त्या आठवड्यातही रोज दोन वेळा पाणी मारायची त्याच्यावर. म्हटलं, मावशी, पक्का झाला आता, पुरे. तर म्हणे, तडा गयाना तर?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्या वेळी तिला सगळं सांगितलं. काळा डाग, मेकॅनिक, लाल दिवा. तिने ऐकून घेतलं. "दिवा मला कळला होता," ती म्हणाली. "मी बसमध्ये चढायला हवं होतं." तिने दोष स्वतःच्या पायाला दिला, आणि यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

गाडी दिवाळीनंतर दुरुस्त झाली. मेकॅनिकने आनंदाने फोन केला, "साहब, अब लंदन तक ले जाओ।" मी म्हणालो, गिऱ्हाईक बघ. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "विकायच्या आधी एकदा नेऊ."

कुठे, ते विचारावं लागलं नाही.

गाडी कसलीही कुरकुर न करता गेली. चार तास लागतील म्हणालो होतो, जेमतेम तेवढेच लागले. गल्लीत पोरं धावत आली, माणसं ओट्यांवर उभी राहिली, मला हवा होता तो सगळा रुबाब झाला. मी सवयीने गाडी तिरकी घ्यायला लागलो.

"सरळ घ्या," बायको म्हणाली.

सरळ घेतली. पुढची चाकं चढली, मागची चढली. मी कान देऊन खालचा आवाज ऐकत होतो. काही घासलं नाही. डोकमर्डीपासून तिथपर्यंत प्रत्येक उंचवट्यावर अडखळणारी ती गाडी हळूच वर सरकली आणि अंगणात, कुलूप लावलेल्या दारापुढे उभी राहिली.

मी इंजिन बंद केलं. बायकोने बेल्ट काढला नाही. आम्ही तसेच बसून राहिलो, जमिनीपासून चार बोटं वर.