बघून आलो

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर मामा त्याच्यावरही संशय घेतील. जन्म गेला भिवपुरीच्या वीजघरात. मीटरच्या काचेवर टिचकी मारल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली सवय निवृत्तीनंतर त्यांनी माणसांना लावली. मामींचा दुखरा गुडघासुद्धा बरेच दिवस चौकशीखाली होता. मोबाईल हाती आल्यावर तर त्यांना रान मोकळं मिळालं. फेसबुकच्या ग्रुपवर कुणी पैशांच्या मदतीसाठी मोठ्या आजाराचा फोटो टाकला, की मामा चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेत. "जावईबापू, ही सलाईन बगा. ह्याच बाटलीवर तीन पेशंट झोपलेत, एक नाशिकला, दोन साताऱ्याला."

पण घरबसल्या निकाल देणारे ते नव्हेत. "आजारी माणसाला बगायला जायचं आसतं," म्हणत, आणि पत्ता जवळचा असला की शहाळं घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसत. आजार खरा निघाला तर शहाळं पेशंटचं, खोटा निघाला तर आमचं. कळंबच्या एका कॅन्सरवाल्याला आम्ही बॅटिंग करताना गाठला आणि शहाळं तिथेच मैदानाच्या कडेला संपवलं. मग ग्रुपवर मामांचा निकाल आला, 'बघून आलो. खोटं.' त्यावर अपील नसे.

मोहोपाड्याची एक बाई फेसबुकवर रोज आपल्या आजाराविषयी लिहायची. आज दोन घास गेले, आज झोप लागली. लांबलांबची माणसं तिची विचारपूस करत. पैसे तिने कधीच मागितले नाहीत, म्हणून मामांचा संशय जास्तच वाढला. "सगळे फोटो एकाच गाऊनमधले. कायतरी मोठा गेम हाय."

आम्ही शहाळं घेऊन मोहोपाड्याला पोचलो, तर दार एका विशीतल्या मुलीने उघडलं. समोर भिंतीवर त्याच बाईचा फोटो होता, त्याला हार घातलेला. मामांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून बघितला.

"मग रोज लिवतंय कोण?"

"मीच," मुलगी म्हणाली. "आई पावसाळ्यात गेली. काका, आई जेवली का, असं रोज कोणीतरी विचारतं. गेली म्हणून लिहिलं की दोन दिवस हात जोडतील. मग कोण विचारणार? मला रडूपण आलं नाय अजून."

मामांनी वाटभर जुळवलेलं भाषण गिळलं आणि शहाळं तिच्या हातात दिलं. "तू पी गं."

ग्रुपवर सगळे निकालाची वाट बघत होते. मामांच्या एका शब्दाने त्या पोरीची राज्यभर छी:थू झाली असती. स्कूटरवरून उतरल्यावर त्यांनी टाईप केलं, 'बघून आलो. खरं हाय.' दुसऱ्या दिवसापासून 'आज काय खाल्लं?' असं रोज सकाळी तिच्या पोस्टखाली विचारणाऱ्यांत मामाही होते.

थंडी सरता सरता एका सकाळी तिने लिहिलं, 'आई गेली.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला स्कूटर काढायला लावली.

त्या एवढ्या माणसांतलं मोहोपाड्याला कुणीही आलं नव्हतं. मामांनी दारात चपला काढल्या. "कळलं गं. आलो," एवढंच म्हणाले. पोरीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला हुंदका फुटला. मामांचेही डोळे वाहत होते. तिच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "रड पोरी, रड. आजच गेली हाय ती."