चूक मान्य न करता

माझा थोरला भाऊ वकील आहे. कंपन्या एकमेकींवर खटले भरतात आणि दादा त्यांची तडजोड घडवून आणतो. त्याच्या प्रत्येक तडजोडीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'कोणतीही चूक मान्य न करता'. म्हणजे भांडण मिटवायचं, पण नाक वरच ठेवायचं. ऑफिसात ठीक आहे हो. हा ते वाक्य घरी घेऊन येतो आणि माझं डोकं उठतं.

परवा वहिनीच्या आईचं ऑपरेशन होतं. हा सुनावणीत अडकला आणि नंतरही साधा फोन केला नाही. वहिनीने अबोला धरला. एकाच घरात दोघांचे निरोप पोचवून मी मेटाकुटीला आले. शेवटी म्हटलं, "अरे, सॉरी म्हण आणि माझी सुटका कर."

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "कोणतीही चूक मान्य न करता, मला वाईट वाटतंय."

वहिनीने गॅस बारीक केला. वळूनही न बघता ती म्हणाली, "कोणतीही माफी न देता, ताट वाढलंय."

दादाचा चेहरा उजळला. "बघ," तो मला म्हणाला, "मसुदा मंजूर झाला."

निरोप अजून मीच पोचवतेय.