बन्सीधर दंदानसाज

परभणीत स्टेशनाकडच्या रस्त्यावर बन्सीधरच्या दुकानाला उर्दूत आणि मराठीत पाटी होती, ‘बन्सीधर दंदानसाज’. म्हणजे दात घडवणारा. जन्मानं तो पालमचा सोनार. पण हैदराबादेत दातांच्या एका डॉक्टराच्या हाताखाली सहा वर्षं राबला, आणि नथीपेक्षा कवळीला जास्त नजाकत लागते हे त्याला पटलं. लोक त्यालाही डॉक्टर म्हणत. तो तोंडदेखलं नको म्हणे.

किडक्या दाढेला लवंगेचं तेल लावायचं, चांदीचा कीस पाऱ्यात खलून भोकात भरायचा, मेणात हिरडीचा ठसा घ्यायचा, त्यावर प्लास्टर ओतायचं, मग रबर वाफेवर शिजवून त्यात विलायती चिनीमातीचे दात बसवायचे, सगळं एकहाती. आपल्या हातून वाकडं काम होतच नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. ते खरंही असे, त्यामुळं लोकांना जास्तच राग येई.

लढाईच्या दिवसांत पिंगळीचा सटवाजी त्याच्याकडं आला. साठेक मेंढरं राखणारा माणूस. एडक्यानं टक्कर मारली आणि वरचे समोरचे दोन दात मुळासकट गेले. त्यांच्याबरोबर शीळही गेली. रुळाकडं निघालेला कळप तो एका शिळेवर माघारी फिरवायचा. आता मेंढरं ऐकेनात, दोन तर मालगाडीखाली गेली. भाऊ म्हणाला, कळप विकू, तू मजुरीला जा.

“शीळ वाजंल का, डागदर?” सटवाजीनं एवढंच विचारलं.

“नाही वाजली तर पाटी उतरवतो, सटवाजीमामा.”

लढाईमुळं विलायती माल येणं बंद झालं होतं. सटवाजीच्या दातांच्या रंगाला जुळणारी एकच जोडी डबीत उरली होती. बन्सीधरनं ती काढत्या-घालत्या रबरी पट्टीत अशी बसवली की दोन दातांमधून केससुद्धा जाऊ नये. आरशात पाहून सटवाजी नव्या नवरदेवासारखा लाजला.

चौथ्या दिवशी तो परत हजर. शीळ नुसती फुसफुसते, म्हणाला. बन्सीधरच्या मते दात बिनचूक होते, फुंकणाराच कच्चा होता. ते दाखवून द्यायलाच तो हत्यारांची पेटी घेऊन गाडीनं पिंगळीला गेला. माळावर त्यानं सटवाजीला दहादा फुंकायला लावलं. एकाही मेंढीनं मान वर केली नाही.

सटवाजीची बायको अंबाबाई जवळच बसून हे सगळं पाहत होती. शेवटी तिच्यानं राहवेना.

“यांचे दात कवाच असे नव्हते. मधी फट हुती, जवारीचा दाणा जाईल येवढी. लग्नात आमच्याकडच्या बाया हसल्या हुत्या. तुमी ती बुजवून टाकली.”

बन्सीधरनं सटवाजीच्या तोंडातून जोडी काढून हातात घेतली. हिरडी त्यानं बोटानं चाचपून चाचपून पाहिली होती, पण आधीचे दात कसे होते हे काही विचारलं नव्हतं. आता फट पाडायला दात घासताना चिनीमाती तडकली तर दुसरी जोडी नाही आणि सटवाजीचा कळपही गेला. शिवाय स्वतःच्या हातानं स्वतःचं सरळ काम बिघडवायचं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जिवाला तेच जास्त लागलं.

तरी त्यानं पेटीतून कुरुंदाची चकती काढली. पाणी लावत, श्वास रोखून तो हळूहळू दातांच्या कडा घासू लागला. अंबाबाईनं पदराची गाठ सोडून ज्वारीचा एक दाणा दिला, त्यानं तो दर खेपेला मधे धरून पाहिला. दाणा अखेर पलीकडं गेला. जोडी शाबूत होती.

एव्हाना कळप चरत चरत रुळाच्या भरावापर्यंत पोचला होता. सटवाजीनं दात बसवले, ओठ मुडपले आणि फुंकलं. माळभर लांब, धारदार शीळ गेली. सगळ्यांत पुढची म्हातारी मेंढी थबकली. मान वळवून तिनं पाहिलं आणि उलट पावली निघाली. तिच्यामागं सगळी मेंढरं धूळ उडवत आली आणि सटवाजीच्या गुडघ्यांभोवती दाटली. म्हातारी त्याचा हात हुंगू लागली. बन्सीधरला वाटलं, आता गडी आपली तारीफ करणार.

सटवाजीचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं.

“वळखलं मला,” तो अंबाबाईला म्हणाला आणि रडायला लागला.